परदेशी उच्च शिक्षणासाठी शासकीय शिष्यवृत्त्या (महाराष्ट्र)

परदेशी उच्च शिक्षणासाठी शासकीय शिष्यवृत्त्या म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घटकांतील विद्यार्थ्यांना परदेशातील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण किंवा पीएच.डी. करता यावी, यासाठी भारत सरकार आणि महाराष्ट्र शासन सार्वजनिक निधीतून चालवीत असलेल्या योजना होत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून दिली जाते. शासनाने मागास समाजाच्या उच्च शिक्षणाचा खर्च उचलावा, ही मागणी जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेच्या ठरावात मांडली गेली होती. परदेशी शिक्षणासाठी केंद्राने दरवर्षी स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी, ही मागणी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात आली.

## पार्श्वभूमी

### संस्थानिकांचे साहाय्य

विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी शिक्षण घेणारे बहुसंख्य भारतीय विद्यार्थी सधन घराण्यांतील असत. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या जमशेटजी टाटा यांच्या निधीसारखी खासगी साधने थोडी होती व त्यांतून मिळणारी मदत कर्जाऊ होती. सार्वजनिक पैशातून मागास समाजातील विद्यार्थ्याला परदेशी पाठविण्याचे त्या काळातील सर्वाधिक परिचित उदाहरण बडोदा संस्थानचे आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी त्यात अट होती.

आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अपुरा ठेवून परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यात नोकरीस रुजू झाले, परंतु अस्पृश्यतेमुळे तेथे राहण्यास जागा मिळू शकली नाही व नोकरी सोडावी लागली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे साहाय्य यांच्या आधारे ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली.

बडोदा व कोल्हापूर येथील साहाय्य संस्थानिकांच्या वैयक्तिक इच्छेवर अवलंबून होते. त्यासाठी निश्चित नियम, जागांची संख्या किंवा अंदाजपत्रकातील कायम तरतूद नव्हती. पुढील काळातील मागण्यांचा रोख ही मदत हक्काच्या स्वरूपात मिळविण्याकडे राहिला.

### नागपूर परिषद, १९४२

१८ व १९ जुलै १९४२ रोजी नागपूर येथे मद्रासचे एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. याच परिषदेत ऑल इंडिया शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या स्थापनेचा निर्णय झाला. परिषदेच्या राजकीय ठरावांत शिक्षणाच्या खर्चाचाही अंतर्भाव होता. प्रत्येक प्रांतिक सरकारच्या अंदाजपत्रकात अनुसूचित जातींच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी एक आणि उच्च शिक्षणासाठी दुसरी वार्षिक रक्कम राखून ठेवावी व प्रांताच्या महसुलावर या रकमांचा पहिला हक्क मानावा, असे त्यात म्हटले होते. महसुलावरील पहिला हक्क याचा अर्थ, इतर खर्चासाठी पैसा कमी पडला तरी या रकमेस कात्री लावता येणार नाही.

२० जुलै रोजी त्याच ठिकाणी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. मुलींच्या शिक्षणासाठी शासकीय खर्चाने वसतिगृहे चालवावीत, अशी मागणी तिच्या ठरावांत होती. याच महिन्यात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्यांच्या या कारकिर्दीत, १९४४-४५ पासून, केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. १९४८-४९ पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली.

### संविधान सभेसाठीचे निवेदन, १९४७

फेडरेशनच्या वतीने आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. त्यात अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाच्या खर्चाची विभागणी करण्यात आली होती. देशातील माध्यमिक व महाविद्यालयीन शिक्षणाचा भार राज्य सरकारांवर आणि परदेशी शिक्षणाचा भार केंद्र सरकारवर टाकण्यात आला होता. परदेशी शिक्षणासाठी केंद्राने दरवर्षी १० लाख रुपयांची तरतूद करावी, असे निवेदनात नमूद होते. नागपूरच्या ठरावातील पहिल्या हक्काचे तत्त्व येथेही कायम होते.

संविधानात ही कलमे या स्वरूपात समाविष्ट झाली नाहीत. अनुसूचित जाती, जमाती व इतर दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाचे अनुच्छेद ४६ राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये घातले गेले. मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येत नाही. त्यामुळे परदेश शिष्यवृत्तीच्या योजना शासनाच्या प्रशासकीय निर्णयांवर चालतात. त्यांच्या जागा, अटी व रकमा मार्गदर्शक सूचना किंवा शासन निर्णय काढून बदलता येतात.

## राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती

ही योजना केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयामार्फत राबविली जाते. २०२१-२२ पासून तिच्या वार्षिक जागा १०० वरून १२५ करण्यात आल्या. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहेत. ३० टक्के जागा महिलांकरिता राखीव असतात. अनुसूचित जमातींसाठी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची स्वतंत्र योजना असून तिच्या वार्षिक जागा २० आहेत.

सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतील प्रमुख अटी पुढीलप्रमाणे आहेत :

* अर्जदाराचे वय ३५ वर्षांपेक्षा कमी असावे.
* कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे.
* पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण असावेत.
* प्रवेश मिळालेले विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० मध्ये असावे.

विद्यापीठाचे शुल्क भारतीय वकिलातींमार्फत भरले जाते. निर्वाह भत्ता अमेरिका व इतर देशांसाठी वर्षाला १५,४०० डॉलर आणि ब्रिटनसाठी ९,९०० पौंड आहे. याशिवाय पुस्तके व किरकोळ खर्चासाठी रक्कम, विमानप्रवास, व्हिसा शुल्क व वैद्यकीय विमा यांचा समावेश असतो.

## महाराष्ट्र शासनाच्या योजना

### राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेली ही योजना सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाची असून तिचे काम पुण्यातील समाजकल्याण आयुक्तालयातून चालते. सुरुवातीस जागा मोजक्या होत्या. त्या टप्प्याटप्प्याने वाढवून वर्षाला ७५ करण्यात आल्या. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी कमाल वय ३५ आणि पीएच.डी.साठी ४० वर्षे आहे. जागांची अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन, विज्ञान, विधी, कला इत्यादी शाखांमध्ये विभागणी केली जाते. निर्वाह भत्त्याचे दर केंद्राच्या योजनेप्रमाणेच ठेवण्यात आले आहेत.

### इतर समाजघटकांसाठीच्या योजना

शाहू महाराज योजनेच्या धर्तीवर राज्य शासनाने पुढे इतर घटकांसाठीही योजना सुरू केल्या.

* इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग : ही योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाची आहे. २०१८ मध्ये ती १० जागांपासून सुरू झाली. नंतर जागा ५० व पुढे ७५ झाल्या.
* अनुसूचित जमाती : ही योजना आदिवासी विकास विभाग राबवितो.
* मराठा, कुणबी, कुणबी-मराठा व मराठा-कुणबी : छत्रपती शाहू महाराज संशोधन, प्रशिक्षण व मानव विकास संस्था (सारथी), पुणे यांच्यामार्फत २०२३ मध्ये ७५ जागांची योजना सुरू झाली. तिला महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव देण्यात आले आहे.
* खुला प्रवर्ग : आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठीची योजना उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहे.

आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणास हातभार लावणाऱ्या दोन्ही संस्थानिकांची नावे अशा प्रकारे राज्याच्या दोन योजनांना मिळाली आहेत.

## नागपूर व विदर्भ

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या धर्मांतराचा शासकीय सवलतींवर थेट परिणाम झाला. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार अनुसूचित जातीचा दर्जा मूलतः हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित होता व १९५६ मध्ये तो शीख धर्मीयांना लागू झाला. बौद्ध झालेल्यांना हा दर्जा केंद्रीय पातळीवर १९९० मधील दुरुस्तीनंतरच मिळाला. महाराष्ट्रात मात्र राज्य स्थापन झाल्यावर नवबौद्धांना राज्याच्या सवलती देण्यात आल्या. ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असा जोडशब्द राज्याच्या शिष्यवृत्तीविषयक शासन निर्णयांत आजही वापरला जातो, त्यामागे हा इतिहास आहे.

इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे (महाज्योती) मुख्यालय नागपूर येथे आहे. ही संस्था पीएच.डी. अधिछात्रवृत्ती, स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण आणि प्रवेश परीक्षांची पूर्वतयारी यांसाठी साहाय्य करते.

राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरत असल्यामुळे शिष्यवृत्ती व अधिछात्रवृत्तीच्या मागण्या तेथे वारंवार मांडल्या जातात. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात सारथीच्या अधिछात्रवृत्तीच्या जागांवर विधान परिषदेत चर्चा झाली. त्या वेळी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी.च्या उपयोगाविषयी प्रश्न उपस्थित केला व त्यावर विद्यार्थी आणि विरोधी पक्षांकडून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या.

विदर्भात शिष्यवृत्तीविषयी मार्गदर्शन करणाऱ्या स्वयंसेवी प्रयत्नांपैकी एकलव्य ही संस्था उल्लेखनीय आहे. तिचे काम २०१७ मध्ये यवतमाळ येथून सुरू झाले. संस्थापक राजू केंद्रे यांना २०२१ मध्ये ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली होती. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना अर्ज, निबंध व शिफारसपत्रे यांची माहिती देण्यावर संस्थेचा भर आहे.

## इतर देशांच्या शिष्यवृत्त्यांशी तुलना

परदेशी शिक्षणासाठी जगात प्रामुख्याने दोन प्रकारचा सार्वजनिक निधी उपलब्ध असतो. एका प्रकारात यजमान देश किंवा देशांचा समूह बाहेरील विद्यार्थ्यांना बोलावतो. जर्मनीची डाड (स्थापना १९२५), अमेरिकेची फुलब्राइट (१९४६), राष्ट्रकुल शिष्यवृत्ती (१९५९) आणि ब्रिटनची चेव्हनिंग (१९८३) या योजना या प्रकारातील आहेत. युरोपातील देशांनी १९८७ मध्ये आपापसांतील विद्यार्थी-देवाणघेवाणीसाठी इरॅस्मस कार्यक्रम सुरू केला. २००४ पासून इरॅस्मस मुंडुसद्वारे भारतासारख्या देशांतील विद्यार्थ्यांनाही पदव्युत्तर शिक्षणाची संधी मिळू लागली. २०१४ मध्ये शिक्षण, प्रशिक्षण, युवक व क्रीडा हे विषय इरॅस्मस प्लस या एकाच कार्यक्रमाखाली आणण्यात आले, तर युवकांच्या स्वयंसेवेसाठी युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर हा वेगळा कार्यक्रम २०१८ पासून चालविला जातो.

या योजनांचा उद्देश परस्परसंबंध, नेतृत्वविकास किंवा युरोपीय नागरिकत्वाची भावना वाढविणे हा असतो. निवडीत गुणवत्ता, कामाचा अनुभव व नेतृत्वगुण पाहिले जातात. उदाहरणार्थ, चेव्हनिंगसाठी किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो व शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते.

दुसऱ्या प्रकारात विद्यार्थ्याचा स्वतःचा देश किंवा राज्य खर्च करते. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती व शाहू महाराज शिष्यवृत्ती या प्रकारातील असून त्यांत सामाजिक प्रवर्ग हा पात्रतेचा पहिला निकष आहे. विद्यार्थ्याची शैक्षणिक निवड परदेशी विद्यापीठ प्रवेश देताना करते आणि शासनाची भूमिका खर्चाची हमी देण्याची असते. ही हमी कधी व किती निश्चितपणे मिळते, यावर या योजनांची परिणामकारकता अवलंबून राहते.

## अंमलबजावणीतील प्रश्न

### वेळापत्रक

ब्रिटन व अमेरिकेतील बहुतेक अभ्यासक्रम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. विद्यार्थी व्हिसासाठी त्याआधी विद्यापीठाचे पत्र आणि पुरेशा पैशाचा पुरावा सादर करावा लागतो. ब्रिटनच्या नियमांनुसार शासनाकडून पूर्ण खर्च मिळणाऱ्या विद्यार्थ्याचे हमीपत्र ग्राह्य धरले जाते. अन्यथा ठरावीक रक्कम सलग २८ दिवस बँक खात्यात असल्याचे दाखवावे लागते. अनेक विद्यापीठे जागा निश्चित करण्यासाठी अनामत रक्कमही मागतात. निवडयादी उशिरा लागल्यास हमीपत्र नसलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश पुढील वर्षावर ढकलावा लागतो किंवा सोडावा लागतो. ज्या कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेच्या आत आहे त्या कुटुंबाला एवढी रक्कम स्वतः उभी करणे सहसा शक्य नसते.

### निधीची निश्चितता

राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२५-२६ च्या निवडीत १०६ विद्यार्थी निवडले गेले. त्यांपैकी सुरुवातीस ४० जणांनाच निश्चित पत्रे देण्यात आली. उर्वरित ६६ जणांची पत्रे निधी उपलब्ध झाल्यास दिली जातील, असे कळविण्यात आले. निवड होऊनही खर्चाची हमी नाही, अशी स्थिती निर्माण झाल्याने या निर्णयावर टीका झाली.

### विषयांवरील निर्बंध

२०२२ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास हे विषय राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून वगळले. या विषयांच्या अभ्यासाची साधने व तज्ज्ञ भारतातच उपलब्ध आहेत, असे शासनाचे म्हणणे होते. जातिव्यवस्थेवर परदेशी विद्यापीठांत संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचा मार्ग यामुळे बंद होतो, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातच वाचला होता, याकडेही या संदर्भात लक्ष वेधले गेले.

### राज्यातील अटींचा वाद

शाहू महाराज शिष्यवृत्तीत क्रमवारीतील पहिल्या १०० विद्यापीठांत प्रवेश मिळाल्यास उत्पन्नाची मर्यादा लागू नव्हती. राज्याच्या विविध विभागांच्या योजनांत समानता आणण्यासाठी २०२४ मध्ये नवे धोरण ठरविण्यात आले. त्यात सर्वांसाठी ८ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा, गुणांची ७५ टक्क्यांची अट आणि शिष्यवृत्तीची कमाल मर्यादा (पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वर्षाला ३० लाख व पीएच.डी.साठी ४० लाख रुपये) यांचा समावेश होता. नामांकित विद्यापीठांचे शुल्क या मर्यादेबाहेर जाते आणि ७५ टक्क्यांच्या अटीमुळे ग्रामीण व पहिल्या पिढीतील विद्यार्थी बाद होतात, अशी टीका विद्यार्थी संघटनांनी केली. विरोधानंतर काही अटी शिथिल करण्यात आल्या.

### निर्वाह भत्ता

भत्त्याची रक्कम शहरानुसार बदलत नाही. ब्रिटनच्या व्हिसा नियमांत लंडनमधील राहणीखर्चासाठी इतर शहरांपेक्षा अधिक रक्कम धरली जाते. शिष्यवृत्तीत मात्र संपूर्ण ब्रिटनसाठी एकच दर आहे. प्रवेश अर्जांचे शुल्क आणि इंग्रजी भाषेच्या परीक्षेचा खर्च शिष्यवृत्ती मिळण्यापूर्वीच करावा लागतो.

## स्मृतिस्थळ

आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले व तेथे स्मारक उभारले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. निवासी घराचा संग्रहालय म्हणून वापर करण्यास स्थानिक कॅम्डेन परिषदेने हरकत घेतली होती. अपिलानंतर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यास परवानगी दिली.

## हे सुद्धा पहा

* दीक्षाभूमी
* ऑल इंडिया शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन
* डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था (बार्टी)
* महाज्योती
* सारथी
* मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती